जुन्या पिकअपवर ड्रिल-ग्राइंडर चालवायचाय? इन्व्हर्टर सगळ्यात शेवटी घ्या

उलव्याला नाहीतर घोडबंदर रोडला नव्या इमारतीत गेट, शटर, गाळ्याची ग्रिल बसवायला जावं, तर मीटर अजून लागलेला नसतो आणि बाजूच्या सोसायटीतून लाइन घ्यायला वॉचमन देत नाही. मग समोर उभ्या असलेल्या आपल्याच पिकअपवर मशीन चालवावं असं मनात येतं. विचार चुकीचा नाही, क्रम चुकतो. आधी बॅटरीच्या १२ व्होल्टचे २३० व्होल्ट करणारा दोन हजार वॉटचा इन्व्हर्टर येतो, सोबत आलेल्या चिमट्यांनी तो बॅटरीला लागतो, ग्राइंडरचं बटण दाबलं की टीं-टीं करून बंद पडतो आणि दुपारी गाडीला धक्का मारायची वेळ येते. मग सगळे इन्व्हर्टरला दोष देतात. मी ही कामं बरीच वर्षं करतोय. बहुतेक वेळा इन्व्हर्टर ठीक असतो, त्याच्यामागची १२ व्होल्टची बाजू लंगडी असते.

खालचा क्रम १२ व्होल्टच्या जुन्या डिझेल पिकअपसाठी आहे. मोठे ट्रक २४ व्होल्टचे असतात, त्यांना १२ व्होल्टचा इन्व्हर्टर लावला की तो जागेवर जळतो. म्हणून पहिलं काम म्हणजे बॅटरीवर मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचा मीटर) लावून गाडी किती व्होल्टची आहे ते बघणं.

टप्पा १: मशीनची पाटी वाचा आणि दहाने भागा

प्रत्येक मशीनच्या अंगावर वॉट लिहिलेले असतात. साधी १३ मिमीची ड्रिल ५५० ते ७५० वॉट, ४ इंची ग्राइंडर ६७० ते ८५०, २६ मिमीचा रोटरी हॅमर ८०० च्या आसपास, मार्बल कटर १०५० पासून १४५० पर्यंत. या आकड्याला दहाने भागा. पूर्ण जोर लागल्यावर बॅटरीतून साधारण तितके अँपिअर ओढले जातात. ८५० वॉटचा ग्राइंडर म्हणजे ८५ अँपिअर. भागायला बारा का नाही, असं विचाराल. इन्व्हर्टर स्वतः दहा-पंधरा टक्के खातो आणि जोर आला की बॅटरीचा व्होल्टेज खाली बसतो. दहाने भागलं की हे दोन्ही हिशोबात येतं.

घरात २३० व्होल्टवर हाच ग्राइंडर चार अँपिअरही घेत नाही. त्यामुळे घरच्या वायरिंगचा अंदाज इथे वापरला की फसगत झालीच म्हणून समजा.

काही गोष्टी यादीतूनच काढा: वेल्डिंग मशीन, हीट गन, हवेचा कॉम्प्रेसर, पाण्याची मोटर. वेल्डिंगला लागणारी ताकद या गाडीत नाही. कॉम्प्रेसर आणि पाण्याच्या मोटरी सुरू होताना पाटीवरच्या आकड्याच्या पाच-सात पट करंट ओढतात. मार्बल कटर काठावर आहे. दोन टाइल कापायला चालेल, अख्ख्या बाथरूमच्या टाइल कापायला नाही.

टप्पा २: गाडी मोजा

हा टप्पा जवळजवळ कोणीच करत नाही. एक मल्टिमीटर आणि डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लागेल. क्लॅम्प मीटर घेताना डीसीवर चालतो ना, हे दुकानातच विचारा. स्वस्तातले फक्त एसी मोजतात.

*बॅटरी.* गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, चावी न लावता मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. मग मीटर लावून ठेवून सेल्फ मारायला सांगा. सेल्फ फिरताना आकडा ९.६ च्या खाली गेला तर ती बॅटरी आधीच थकलेली आहे. तिच्यावर ग्राइंडर लादू नका.

*डायनामो.* इंजिन सुरू करून बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. १४.८ च्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडलाय, इन्व्हर्टर लावण्याआधी तो बदला. आता मीटर एसी व्होल्टवर करा, हेडलाइट लावा आणि पुन्हा बॅटरीवरच मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसला तर आतला डायोड गेलाय. असा डायनामो गाडीपुरता कसाबसा चालतो, ग्राइंडरच्या ओझ्याने मरतो.

डायनामोच्या अंगावर त्याची क्षमता लिहिलेली असते. आमच्या गाडीवर ६५ अँपिअर लिहिलंय. ते ६५ मिळतात ते इंजिन जोरात फिरताना आणि डायनामो थंड असताना. क्लॅम्प मीटरने मोजलं तेव्हा आयडलला तीसही मिळत नव्हते, आणि रेस वाढवून इंजिन १५०० फेऱ्यांवर नेल्यावर पन्नासच्या जवळपास आले. त्यातले दिवसा पाच-सात गाडी स्वतः खाते, हेडलाइट आणि ब्लोअर लावले तर वीस-पंचवीस. म्हणजे दिवसाउजेडी, रेस ठेवून, माझ्या हातात चाळीसेक अँपिअर उरतात. चाळीस गुणिले दहा, चारशे वॉट. सतत चालवायची माझी मर्यादा तेवढीच. तुमची वेगळी निघेल, पण निघेल ती मोजूनच.

मग ८५० वॉटचा ग्राइंडर कसा चालतो? कारण आपण तो सतत चालवत नाही. पाइप कापायला वीस सेकंद, मग माप घेणं, धरणं, फिरवणं. मिनिटाला वीस सेकंद ८५ अँपिअर म्हणजे सरासरी अठ्ठावीस. कापताना कमी पडणारं बॅटरी पुरवते, मधल्या वेळात डायनामो ते भरून काढतो. मार्बल कटर सलग दहा मिनिटं चालवला तर भरून काढायला वेळच मिळत नाही आणि बॅटरी खाली जात राहते.

*पट्टा.* दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबा, साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. ओझं आल्यावर पट्टा किंचाळत असेल तर तो घसरतोय. ताण द्या किंवा बदला.

> तपासा: बॅटरी, चार्जिंगचा व्होल्टेज, डायोड आणि पट्टा, चारही ठीक असतील तरच पुढे जा. एक जरी नापास झालं तर इन्व्हर्टरचे पैसे आधी तिथे खर्च करा.

टप्पा ३: अर्थिंग (मायनसची बाजू)

यावर मी जास्त बोलणार, कारण जुन्या गाडीचा घात इथेच होतो.

तुर्भ्याला एका फॅब्रिकेशनवाल्याची पिकअप बघायला गेलो होतो. ड्रिल चालायची, ग्राइंडर लावला की इन्व्हर्टर ओरडायचा. त्याने इन्व्हर्टर दोनदा बदलून आणला होता. मी मीटरचा एक काटा बॅटरीच्या मायनसच्या खांबावर ठेवला, दुसरा इन्व्हर्टरच्या मायनसच्या बोल्टवर, आणि त्याला ग्राइंडर दाबायला सांगितलं. वायर म्हणजे वायर, तिच्या दोन टोकांत जवळजवळ शून्य दिसायला हवं. दिसले १.१ व्होल्ट. इन्व्हर्टरची मायनस केबल चेसीच्या रंगावरच बोल्टने आवळलेली होती. वॉशरच्या कडेने जेवढा रंग खरवडला गेला होता, नखाएवढा, तेवढ्यातून सगळा करंट जात होता. बोल्टला हात लावला तर चटका बसला. पॉलिश पेपरने रुपयाच्या नाण्याएवढी जागा चकचकीत केली, दात असलेला वॉशर घातला, पुन्हा आवळलं. आकडा ०.१ वर आला. तोच इन्व्हर्टर, तोच ग्राइंडर, आवाज बंद.

म्हणून इन्व्हर्टरची मायनस केबल थेट बॅटरीच्या मायनसवर न्या, चेसीवर विसंबू नका. बॅटरी ते चेसी आणि चेसी ते इंजिन हे दोन अर्थचे पट्टेही बघा. डायनामो इंजिनला बोल्टने बसलेला असतो, त्याचा सगळा करंट याच पट्ट्यातून परत येतो. ऐरोली, वाशी, उलवे अशा खाडीकाठच्या भागात उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे हे पट्टे बाहेरून ठीक दिसतात, पण थिंबलच्या (वायरच्या टोकाला बसवलेल्या, बोल्टच्या भोकाच्या धातूच्या टोपीच्या) आत तांबं हिरवं होऊन अर्ध्या तारा तुटलेल्या असतात. शंका आली तरी नवीन टाका, महाग नाहीत.

टप्पा ४: केबल आणि फ्यूज

एक गोष्ट लक्षात ठेवा: १२ व्होल्टची केबल आखूड, २३० व्होल्टची लांब. इन्व्हर्टर बॅटरीच्या जवळ बसवा आणि कामापर्यंत एक्स्टेन्शन ओढा. पुष्कळजण उलटं करतात. इन्व्हर्टर हौद्यात मागे ठेवतात आणि घरातली उरलेली वायर बॅटरीपासून तिथपर्यंत नेतात.

हिशोब बघा. इन्व्हर्टर बॅटरीपासून दोन मीटरवर असेल तर जाऊन-येऊन चार मीटर वायर झाली. ४ स्क्वेअर एमएमच्या वायरमध्ये ८५ अँपिअरला दीड व्होल्ट वायरीतच संपतो आणि सव्वाशे वॉटची उष्णता तयार होते, म्हणजे इन्सुलेशन वितळणारच. २५ स्क्वेअरच्या केबलमध्ये पाव व्होल्ट जातो, ३५ मध्ये त्याहून कमी. १००० वॉटच्या इन्व्हर्टरला २५ आणि १५०० ला ३५ स्क्वेअर एमएम, पूर्ण तांब्याची, बारीक तारांची लवचीक केबल घ्या. वेल्डिंगची केबल उत्तम चालते, पण तांब्याचीच बघून घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेलीही विकली जाते. टोक कापून चाकूने तार खरवडली की आत पांढरं दिसतं.

थिंबल हायड्रॉलिक क्रिंपिंगने दाबून घ्या. ते मशीन मोठ्या इलेक्ट्रिक दुकानात किंवा पॅनल बनवणाऱ्यांकडे असतं, वागळे इस्टेट किंवा रबाळ्याला सहज मिळेल. हातोडीने ठोकलेली थिंबल धरून ठेवते, पण करंट नीट नेत नाही.

फ्यूज प्लसच्या केबलवर, बॅटरीच्या खांबापासून एका वितीच्या आत. १००० वॉटला १२५ अँपिअर, १५०० ला १७५, बोल्टने आवळायचा फ्यूज आणि झाकणाचा होल्डर. फ्यूज इन्व्हर्टरला वाचवायला नसतो, केबलला वाचवायला असतो. फ्यूज इन्व्हर्टरच्या टोकाला लावला आणि केबल मध्येच कुठे घासून चेसीला लागली, तर बॅटरीची सगळी ताकद त्या ठिणगीत जाते आणि तिला थांबवणारं काही नसतं.

> सावध: सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचे छोटे इन्व्हर्टर मशीनसाठी नाहीत. त्या सॉकेटचा फ्यूज १० ते २० अँपिअरचा असतो. तिथे मोठा फ्यूज घालणं म्हणजे डॅशबोर्डच्या मागे आग लावणं.

टप्पा ५: आता इन्व्हर्टर

ड्रिलपुरतं काम असेल तर १००० वॉट, ४ इंची ग्राइंडरसाठी १५०० वॉट, सुरू होतानाचा झटका दुप्पट सोसणारा. त्याहून मोठा या गाडीला घेऊ नका. २००० वॉट म्हणजे २०० अँपिअर, ते द्यायला मागे काही नाही. प्युअर साइन वेव्हचाच, म्हणजे घरच्या लाइनसारखी सरळ लहर देणाराच घ्या. स्वस्तातल्या मॉडिफाइड साइनवर साधा ग्राइंडर चालतो पण तापतो, बटणाने वेग कमी-जास्त होणारी ड्रिल झटके देते आणि कॉर्डलेसचे काही चार्जर जळतात. घरचा इन्व्हर्टर आणि उंच ट्यूब्युलर बॅटरी हौद्यात ठेवण्याचा प्रकारही बघितलाय. स्पीडब्रेकरवर ॲसिड उडतं. ते करू नका.

टप्पा ६: जोडणी, याच क्रमाने

१. चावी काढा. बॅटरीचा मायनस आधी सोडा, मग प्लस. उलट केलं आणि प्लसवरचा पाना बॉडीला लागला तर पाना जागेवर वेल्ड होतो.

२. इन्व्हर्टर केबिनमध्ये सीटच्या मागे किंवा हौद्याच्या पुढच्या भिंतीला, लोखंडी पेटीत बोल्टने बसवा. चारी बाजूंनी चार बोटं जागा हवी, पंखा मोकळा. पेटीची भोकं बाजूला, वर नाहीत. बोनेटखाली इंजिनच्या उष्णतेत किंवा बॅटरीला चिकटून बसवू नका, बॅटरीतून निघणारा वायू ठिणगीने पेटतो.

३. केबल ओढताना सायलेन्सर, डिझेलचा पाइप, ब्रेकचा पाइप आणि फिरणारा शाफ्ट यांपासून लांब ठेवा. पत्र्यातून जिथे आरपार जाते तिथे रबरी ग्रोमेट, चेसीच्या कडेने जाते तिथे जाड स्लीव्ह, आणि दर वीतभरावर क्लिप.

४. इन्व्हर्टरच्या बॉडीवर अर्थचा बोल्ट असतो, तिथून हिरवी जाड वायर चेसीला.

५. मायनस केबल इन्व्हर्टरला, मग प्लस. फ्यूज अजून होल्डरमध्ये घालायचा नाही.

६. बॅटरीचा प्लस जोडा, शेवटी मायनस.

७. फ्यूजच्या जागी आधी इंडिकेटरचा बल्ब धरा. तो क्षणभर पेटून मंद होत विझतो, म्हणजे इन्व्हर्टरच्या आतले कपॅसिटर भरले. मग फ्यूज आवळा, ठिणगी उडणार नाही. बल्ब विझलाच नाही तर थांबा, कुठेतरी शॉर्ट आहे किंवा प्लस-मायनस उलट झालंय.

> तपासा: पाचवा मुद्दा करण्याआधी केबलचा प्लस तो प्लसच आहे ना, मीटरच्या बीपने दोन्ही टोकं धरून बघा. उलट जोडलेला इन्व्हर्टर एका क्षणात जातो आणि वॉरंटीत बदलून मिळत नाही.

टप्पा ७: २३० व्होल्टची बाजू

बॅटरी १२ व्होल्टची म्हणून शॉक बसणार नाही, असं समजणारी माणसं मी पाहिलीत. इन्व्हर्टरच्या पुढे घरचाच करंट आहे, आणि माणूस ओल्या मातीत उभा असतो.

दुहेरी इन्सुलेशनची मशीन वापरा, पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. एक्स्टेन्शन तीन तारांचं, १.५ किंवा २.५ स्क्वेअर एमएमचं. ड्रमवर गुंडाळलेलं असेल तर पूर्ण उलगडा, गुंडाळीत वायर तापते.

३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच) लावावा, पण त्यात एक खोच आहे. इन्व्हर्टरचा न्यूट्रल बॉडीला जोडलेला नसेल तर करंट माणसातून गेला तरी आरसीसीबी पडत नाही, म्हणजे लाइन तोडत नाही. त्याचं टेस्टचं बटण मात्र दाबलं की पडतं, कारण ते बटण आतल्या आत लाइन आणि न्यूट्रल वापरून चालतं. म्हणून बटण पडलं की सगळं सुरक्षित, हा समज सोडा. न्यूट्रल आणि अर्थ जोडायला चालेल असं इन्व्हर्टरच्या माहितीपत्रकात लिहिलं असेल तरच वायरमनकडून जोडून घ्या. स्वस्त इन्व्हर्टरमध्ये दोन्ही तारा जिवंत असतात, तिथे जोडलं की तो जळतो. तसं असेल तर एका वेळी एकच मशीन लावा, तेही दुहेरी इन्सुलेशनचं.

> सावध: या इन्व्हर्टरची लाइन घराच्या किंवा गाळ्याच्या बोर्डात कधीही सोडू नका. महावितरणची लाइन परत आली की इन्व्हर्टर जातो, आणि त्याआधी तारेवर काम करणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं.

टप्पा ८: कामावर

गाडी उघड्यावर लावा. स्टिल्ट, बेसमेंट किंवा शटर लावलेल्या गाळ्यात इंजिन चालू ठेवू नका, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक आणि चाकाला दगड. ॲक्सिलरेटरवर वीट ठेवून रेस देणारे आहेत, तसं करू नका. मेकॅनिककडून हाताने ओढायची केबल बसवून घ्या.

आधी इंजिन, मग रेस, मग इन्व्हर्टर, शेवटी मशीन. बंद करताना उलट. काम संपल्यावर दहा मिनिटं इंजिन चालू राहू द्या.

पहिल्याच दिवशी, ग्राइंडर चालू असताना, मीटरने बॅटरीच्या खांबावर आणि मग इन्व्हर्टरच्या बोल्टवर व्होल्टेज मोजा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर कुठलं तरी जोड ढिलं आहे. मशीन थांबवून प्रत्येक थिंबलला हात लावा, जी तापली असेल तिथे दोष. इन्व्हर्टरची २३० व्होल्टची बाजू साध्या मीटरने मोजली आणि इन्व्हर्टर मॉडिफाइड साइनचा असेल, तर १८०-२०० असा खोटा आकडा दिसतो. त्यावरून इन्व्हर्टर परत करू नका.

कामात मधूनमधून बॅटरीवर नजर ठेवा. मशीन थांबवल्यावर मिनिटभरात इंजिन चालू असताना आकडा १३ च्या वर चढला पाहिजे. चढत नसेल तर बॅटरी भरेपर्यंत थांबा. इन्व्हर्टर आपोआप बंद होईलच, या भरवशावर राहू नका. तो साडेदहा व्होल्टच्या आसपास बंद होतो, तोवर सेल्फ मारायची ताकद संपलेली असते. इंजिन बंद ठेवून फक्त एक-दोन भोकं पाडायची, त्यापुढे नाही.

रोज चार तास हेच काम असेल तर दुसरी बॅटरी बसवा, पहिलीच्याच जातीची, मध्ये व्होल्टेजवर चालणारा रिले. इंजिन बंद झालं की रिले दोन्ही वेगळ्या करतो आणि सेल्फची बॅटरी शाबूत राहते. लिथियम बॅटरी सरळ डायनामोला लावू नका. ती भुकेल्यासारखी करंट ओढते आणि आयडलला डायनामो जळतो, तिला मध्ये वेगळा चार्जर लागतो.

आणि मनापासून सांगायचं तर, ड्रिल आणि स्क्रू एवढंच काम असेल तर हे काहीच करू नका. १८ व्होल्टची कॉर्डलेस ड्रिल, दोन बॅटऱ्या आणि ३०० वॉटचा प्युअर साइन इन्व्हर्टर घ्या, फ्यूजसकट थेट बॅटरीवरून. ४ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे जेमतेम ७२ वॉट-तास, चार्जर शंभरेक वॉट खातो. घोडबंदरहून तळोज्याला जाईपर्यंत ट्रॅफिकमध्येच ती भरते. माझं निम्मं काम आता असंच होतं.

टप्पा ९: पाऊस आणि पासिंग

पहिल्या आठवड्यानंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, नवं तांबं दबून बसतं आणि जोड ढिलं होतं. टर्मिनल आधी कोरडं आवळायचं, व्हॅसलिन त्याच्यावरून लावायचं, मधे नाही. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी झाकणं उघडून बघा, पांढरी किंवा हिरवी बुरशी दिसली तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा आणि कोरडं करून पुन्हा लावा. धुताना सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका. पाऊस पडत असताना उघड्यावर २३० व्होल्टचं काम करायचं नाही.

व्यवसायाची गाडी आठ वर्षांपुढची असेल तर दरवर्षी पासिंग असतं. त्याआधी वायरिंग एकदा वायरमनला दाखवा, विमा कंपनीलाही बसवलेल्या सामानाची कल्पना द्या. गॅरेजला गाडी सोडताना मोठा फ्यूज काढून खिशात ठेवा, आणि होल्डरच्या झाकणावर पक्क्या मार्करने लिहा: "इन्व्हर्टर, १२५ अँपिअर, पुढे २३० व्होल्ट". तुमच्याकडे १७५ चा फ्यूज असेल तर तो आकडा. बोनेट उघडणाऱ्या मेकॅनिकला ही केबल कुठे जाते ते ठाऊक नसतं.